पुतळीचा मुलूख

माझ्या आजीची पुतळ्यांची माळ होती. नाण्यासारख्या वाटोळ्या चकत्या, प्रत्येकीवर लक्ष्मीची उभी आकृती, आणि सगळ्या रेशमी दोऱ्यात ओळीनं गाठवलेल्या. दोरा विरला की आजी ती माळ सराफ्यात एका पटव्याकडे न्यायची आणि मीही तिच्याबरोबर जायचे. त्याच्या बोटांखाली एकेक पुतळी आपल्या जागी कशी बसते, ते बघत राहायचे. पुढे चाळीस वर्षांनी तशीच ओळ मला पुन्हा दिसली. इंदुरातल्या आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक रिकामा प्लॉट आहे, तिथे गुडघे टेकून बसले होते. समोर एक चिमुकलं फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं आणि त्याच्या मागच्या पंखाच्या काठावर तीन-चार काळे ठिपके होते. प्रत्येक ठिपक्यात हिरवट-निळी धातूसारखी चमक, आणि वर नारिंगी कमान. फोटो काढून फुलपाखरांच्या एका अभ्यासक मित्राला पाठवला. त्यानं शास्त्रीय नाव कळवलं: ‘फ्रेयेरिया पुट्ली’. रोमन लिपीतून आल्यामुळे उच्चार थोडा बिघडला आहे इतकंच. शब्द आपला पुतळी हाच आहे.

या नावामागची हकिगत सांगायलाच हवी. कार्ल फॉन ह्यूगेल नावाचा ऑस्ट्रियन सरदार १८३५-३६ च्या सुमारास काश्मीरमध्ये फिरला. त्या प्रवासातून गेलेल्या कीटकांवर व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या व्हिन्सेन्झ कोलार यांनी काम केलं आणि १८४४ साली त्यांची वर्णनं छापली. कोलारांनी त्यातल्या बऱ्याच फुलपाखरांना आपल्याकडचे शब्द नावं म्हणून दिले. हिमालयातल्या तीन तपकिरी फुलपाखरांची नावं आजही पद्मा, सरस्वती आणि स्वाहा अशी आहेत. आपल्या अंगणात सर्रास दिसणाऱ्या एका निळ्या फुलपाखराचं नाव महा. त्यातच ही पुतळी. नावाचा पहिला भाग, फ्रेयेरिया, हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ फ्रेयर यांच्यावरून आला. तो दिला स्वित्झर्लंडमधल्या कुर्व्हॉझिए यांनी. व्यवसायानं ते शल्यचिकित्सक होते. पित्ताशयाच्या विकारातलं जे लक्षण डॉक्टर मंडळी ‘कुर्व्हॉझिएचं लक्षण’ म्हणून आजही शिकतात, ते यांचंच. दिवसभर शस्त्रक्रिया करणारा माणूस उरलेल्या वेळात बोटभर फुलपाखरांच्या जाती लावत बसायचा, याचं मला फार कौतुक वाटतं.

इंग्रजीत या गटाला ग्रास ज्युएल म्हणतात. भारतातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांत याची गणना होते. मी मात्र या लेखात पुतळीच म्हणणार आहे.

शेजारच्या काकूंचा नातू माझ्याबरोबर प्लॉटवर आला होता. त्यानं विचारलं, “मावशी, हे फुलपाखराचं पिल्लू आहे का?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मोठी माणसंही तोच विचारतात. उत्तर असं की फुलपाखराला पिल्लू नसतं. म्हणजे असतं, पण ते पंखांचं नसतं. फुलपाखराची सगळी वाढ अळी असताना होते. अळी खाते, कात टाकते, पुन्हा खाते, आणि पुरेशी वाढली की कोष करते. कोषातून बाहेर येतं ते पूर्ण वाढ झालेलंच फुलपाखरू. पंखांत एकदा द्रव भरून ते ताठ झाले की मग ते केसभरही वाढत नाहीत. त्यामुळे लहान फुलपाखरू दिसलं की ते मोठ्या फुलपाखराचं मूल नव्हे, ती लहान चणीची जातच आहे, किंवा अळीपणी त्याला पोटभर मिळालेलं नाही. उपाशी राहिलेल्या अळ्यांपासून खुजी फुलपाखरं होतात, हे खरं आहे. पण पुतळीच्या बाबतीत ती गोष्ट नाही. ती मुळात एवढीच असते.

एवढीच म्हणजे केवढी? पंख पूर्ण उघडले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ ते २२ मिलिमीटर. सध्या चलनात असलेलं एक रुपयाचं लहान नाणं २० ते २२ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे पंख पसरलेली बहुतेक पुतळी त्या नाण्यात मावते. पंख मिटले की करंगळीच्या नखाएवढा तुकडा उरतो. हवेतून उडताना ती फुलपाखरू वाटतच नाही, वाऱ्यानं हललेली गवताची साल वाटते. म्हणून लोक तिच्यावरून रोज चालत जातात आणि त्यांना ती कधी दिसत नाही.

वरून पुतळी साधी आहे. तपकिरी, मातीच्या रंगाची, आणि नर-मादी दोघंही सारखेच. लायसेनिडी या तिच्या कुळाला इंग्रजीत ‘ब्ल्यूज’ म्हणतात, कारण त्यातल्या पुष्कळ जातींच्या नरांचे पंख वरून निळे असतात. पुतळीनं वरची निळाई घेतलेलीच नाही. मागच्या पंखाच्या काठाशी काळसर ठिपके आणि थोडा नारिंगी डाग, बाहेरून पांढऱ्या केसांची बारीक झालर, एवढंच. सगळा दागिना खालच्या बाजूला. ती पंख मिटून बसते तेव्हा ही खालची बाजूच आपल्याला दिसते. फिकट करड्या-तपकिरी जमिनीवर पांढऱ्या कडेचे तपकिरी ठिपके, पंखाच्या बुडाशी काही काळे ठिपके, आणि काठावर ती चमकणारी माळ. मिशा काळ्या, त्यावर पांढरी कडी. शेपटी नाही.

ही चमक मी बराच वेळ समजून घेत होते, म्हणून इथे जरा थांबते.

फुलपाखराचा पंख म्हणजे पारदर्शक पडदा आणि त्यावर कौलांसारखे एकावर एक चढवलेले खवले. एकेक खवला साधारण एक दशांश मिलिमीटर लांब. आपण फुलपाखरू हातात धरतो तेव्हा बोटांना जी भुकटी लागते ती म्हणजे हे खवले, आणि एकदा गळाले की ते परत येत नाहीत. पुतळीच्या पंखाचा तपकिरी आणि नारिंगी रंग या खवल्यांतल्या रंगद्रव्याचा आहे, हळदीचा पिवळा जसा हळदीतला तसा. हिरवी-निळी चमक मात्र वेगळ्या घरची. त्या खवल्यांत हिरवं किंवा निळं रंगद्रव्य शोधायला गेलं तर सापडणार नाही. तिथे अतिशय पातळ थर असतात. त्यांच्यावर पडलेला उजेड काही वरच्या थरावरून परततो, काही खालच्या. परतणाऱ्या या दोन लाटांपैकी ठरावीक रंगाच्या लाटा एकमेकींना जोर देतात आणि बाकीच्या एकमेकींना मारतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोल सांडलं की इंद्रधनुष्य दिसतं. पेट्रोलला तो रंग नसतो, तवंगाच्या जाडीनं तो तयार होतो. मोरपिसाचंही तसंच. मोरपीस कुटून बारीक केलं तर निळं चूर्ण मिळत नाही, तपकिरी चुरा हाती येतो. पुतळीची माळ म्हणून कोनाप्रमाणे बदलते. मी डोकं डावीकडे झुकवलं की ठिपका पाचूसारखा, उजवीकडे झुकवलं की नुसता काळा. फोटोत ती चमक दर वेळी येत नाही, त्याचं कारणही हेच.

ही माळ तिला कशाला? या कुळातल्या अनेक जातींच्या मागच्या पंखाच्या काठावर असे ठळक, डोळ्यांसारखे ठिपके असतात. सरडा, पक्षी किंवा उडी मारणारा कोळी डोळ्याच्या रोखानं चोच-दात मारतो. इथे त्याला पंखाचा तुकडा मिळतो आणि खरं डोकं दुसऱ्या टोकाला वाचतं. काठ तुटलेली पुतळी मी पाहिली आहे. तिची दोन रत्नं गेलेली होती आणि ती फुलावर नीट मध पीत होती.

ओळखताना गोंधळ होतो तो तिच्या चुलतभावंडांशी. टायनी ग्रास ब्ल्यू, पेल ग्रास ब्ल्यू, लेसर ग्रास ब्ल्यू ही सगळी लहान, सगळी जमिनीलगत उडणारी, आणि सगळ्यांच्या खालच्या बाजूला ठिपके. पण या तिघांच्या पंखाच्या काठावर ना नारिंगी असतं ना धातूची चमक. ग्रॅम ब्ल्यूला काठावर नारिंगी कमानीचे ठिपके असतात, पण तो आकारानं मोठा आणि त्याला दोऱ्याएवढी बारीक शेपटी असते. तेव्हा नियम सोपा: फोटो काढायचा तर मिटलेल्या पंखांचा, बाजूनं, आणि मागच्या पंखाचा काठ स्पष्ट येईल असा. वरून काढलेला फोटो दहा वेळा सुंदर असला तरी ओळखायला उपयोगाचा नाही.

आता मुलखाकडे येऊ.

जीवशास्त्रात ‘आढळक्षेत्र’ हा शब्द वापरतात. एखादी जात जगात कुठून कुठपर्यंत सापडते त्याची सीमा. पुतळीचं आढळक्षेत्र भारत आणि श्रीलंकेपासून म्यानमार, आग्नेय आशिया आणि इंडोनेशियाच्या बेटांवरून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत जातं. तिकडे तिला ज्युएल्ड ग्रास-ब्ल्यू म्हणतात. हिची सख्खी बहीण, फ्रेयेरिया ट्रोकायलस, आफ्रिका, अरबस्तान, तुर्कस्तान, ग्रीस अशी पश्चिमेकडे पसरली आहे आणि भारताच्या कोरड्या भागापर्यंत येते. दोघी इतक्या सारख्या दिसतात की बराच काळ पुतळीला ट्रोकायलसचीच एक उपजात मानत होते. म्हणून जुन्या पुस्तकांत एकच जात आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली दिसते आणि नव्या पुस्तकांत तोच पट्टा दोघींत वाटलेला. फुलपाखरं हलली नाहीत, आपली समज बदलली. कुठल्याही प्राण्याचा नकाशा पाहताना तो कोणत्या साली काढला आहे हे बघावं, ते यासाठी.

नकाशात आणखी एक फसवी गोष्ट असते, आणि ती आपल्याला, इंदूरच्या मराठी माणसांना, दुसऱ्यांपेक्षा लवकर कळावी. मराठीचा नकाशा काढायला सांगितला तर कोणीही महाराष्ट्र रंगवेल. मग होळकरांबरोबर आलेली आमची घरं कुठे गेली? ग्वाल्हेरची, बडोद्याची, तंजावरची कुठे गेली? आणि उलट, रंगवलेल्या महाराष्ट्रातही पावलोपावली मराठी घर नाही. मध्ये जंगल आहे, धरणाचं पाणी आहे, दुसरी भाषा बोलणारे पाडे आहेत. एकसारखा रंग म्हणजे सोय असते. प्रत्यक्षात घरं ठिपक्याठिपक्यांनी असतात. पुतळीचंही तसंच आहे. भारतभर रंग फासला तरी ती राहते एकेका उघड्या, उन्हाच्या, ठेंगण्या गवताच्या तुकड्यात. घनदाट झाडीत नाही. कंबरभर वाढलेल्या गवतात नाही. सोयाबीनच्या सलग शेताच्या मध्यातही नाही, बांधावर आहे. मालव्याची जाड काळी माती जिथे संपते आणि मुरूम वर येतो, टेकडीचा उतार, रेल्वेलाइनची कड, क्रिकेटच्या मैदानाचा कोपरा, तिथे तिची घरं.

हे असं का, याचं उत्तर फुलपाखरापाशी नाही, अळीपाशी आहे. फुलपाखरू कुठल्याही फुलाचा मध पिऊ शकतं, पण अळी खाते ती मोजकीच झाडं. पुतळीची अळी निळीच्या गटातल्या वनस्पतींवर वाढते. कापड रंगवायची नीळ ज्या गटातून येते, तोच हा गट. आमच्या प्लॉटवर त्यातली भुईगुळी आहे. मातीला घट्ट चिकटून पसरणारी, बारीक पानांची, आणि पानांच्या बगलेत गुलाबी-लाल फुलांचे इवलेसे झुपके. माळरानावर उगवणाऱ्या झोर्निया आणि गोनिओगायना या भुईसरपट शेंगावर्गीय वनस्पतीही तिला चालतात. भारतात हेलिओट्रोपियम या शेंगावर्गाबाहेरच्या वनस्पतीच्या एका जातीवरही तिच्या अळ्या वाढल्याची जुनी नोंद आहे. ही सगळी झाडं लोकांच्या लेखी तण. कोणी ती लावत नाही, पाणी घालत नाही. पण ती पायाखाली तुडवली तरी जगतात, गुरांनी खाल्ली तरी फुटतात, आणि त्यांना सावली सोसत नाही. म्हणून पुतळीचा खरा नकाशा काढायचा तर या तणांचा काढावा आणि त्यावर उन्हाचा एक नकाशा ठेवावा.

ऊन दुसरी अट. फुलपाखराचं शरीर आपल्यासारखं आतून ऊब तयार करून धरून ठेवत नाही. पंखांचे स्नायू चालायला त्याला बाहेरून तापावं लागतं. पुतळी सकाळी अर्धे पंख उघडून गवताच्या टोकावर बसते आणि तो साधा तपकिरी रंग इथे कामाला येतो, गडद रंग ऊन चांगलं शोषतो. लहान शरीर झटकन तापतं, तसंच ढग आला की झटकन निवतं. मालव्याच्या डिसेंबरात दहा वाजेपर्यंत ती हलत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, साडेआठपासूनच लगबग असते. त्या दोन महिन्यांत ती सगळ्यात जास्त दिसते, कारण पावसानं भुईगुळी फोफावलेली असते.

आता मला पडलेला खरा प्रश्न. ही उडते गुडघ्याच्या खालून. एका वेळी चार-पाच हात जाते आणि बसते. सगळं आयुष्य एका प्लॉटात काढू शकते. मग इंदूरपासून सुमारे सात हजार किलोमीटर दूर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या परिसरात तिचीच जात कशी? नीलवंतासारखं, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉनसारखं, तळहाताएवढं दणकट फुलपाखरू, ज्याला २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू केलं, ते पश्चिम घाट आणि श्रीलंकेच्या आसपासच राहतं. पंख मोठे तर मुलूख मोठा असं असतं, तर हे उलट व्हायला हवं होतं.

एक गणित करून पाहू. हे समजण्यापुरतं गणित आहे, मोजलेले आकडे नव्हेत. धरा की एका पिढीत पुतळीचं घराणं १०० मीटर पुढे सरकतं. मादी जन्मली त्या तुकड्याच्या पलीकडच्या तुकड्यात अंडी घालते, एवढंच. उष्ण प्रदेशात या लहान फुलपाखरांच्या वर्षाला कितीतरी पिढ्या होतात. आपण आठ धरू. म्हणजे वर्षाला ८०० मीटर. सात हजार किलोमीटर जायला नऊ हजार वर्षांच्या आतच काम झालं. पृथ्वीच्या हिशेबात हा काळ काहीच नाही. एका फुलपाखराला लांब उडावं लागत नाही. फक्त पुढचा तुकडा जवळ हवा, आणि त्यात तण हवं. जंगलातल्या जातीला जंगल संपलं की पुढे जाता येत नाही. माळरानाच्या, वाटेच्या कडेच्या, गुरांनी चरलेल्या जागेच्या फुलपाखराला माणूस आणि गुरं जिथे जातील तिथे पायघड्या मिळत गेल्या.

समुद्राचं काय, असा प्रश्न येणारच. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. सुमात्रा, जावा आणि बोर्निओ तेव्हा आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेले होते, श्रीलंका भारताला जोडलेली होती. आज जिथे लाटा आहेत तिथे चालत जाता येत होतं. त्यापलीकडच्या बेटांच्या मध्ये पाणी होतंच, पण वारा होता. पुतळीचं वजन जवळजवळ नसल्यासारखं. तिला वारा नेतो तसा तो मोठ्या फुलपाखराला नेत नाही. अंडी घालायला तयार असलेली एक मादी पलीकडच्या किनाऱ्यावर पडली आणि तिथे निळीचं एखादं झुडूप मिळालं की घराणं सुरू.

तिच्या मुलखातला तिसरा भागीदार मुंग्या. या कुळातल्या बहुतेक अळ्यांचं मुंग्यांशी जमतं, पुतळीचंही. अळी हिरवी, चपटी, गोगलगायीसारखी. डोकं कातडीखाली ओढून घेतलेलं, त्यामुळे पानावर असूनही दिसत नाही. तिच्या पाठीवर, शेवटाकडे, एक ग्रंथी असते आणि तिच्यातून गोड थेंब पाझरतो. मुंग्या मिशांनी तिला थोपटतात, थेंब पितात आणि तिच्याभोवती पहारा देतात. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या, लहान कोळी यांना त्या जवळ फिरकू देत नाहीत. हा थेंब नुसता साखरेचा नसतो, त्यात अमिनो आम्लंही असतात, आणि तो तयार करायला अळीला नत्र लागतं. शेंगावर्गीय झाडांत नत्र भरपूर, कारण त्यांच्या मुळांच्या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र धरतात. मुंग्या पाळणाऱ्या अळ्या शेंगावर्गीय झाडांवर एवढ्या का दिसतात, याचं हे एक पटणारं कारण आहे. मी भुईगुळीवर अळी शोधते तेव्हा अळी शोधतच नाही. मुंग्या एका जागी घोटाळताना दिसल्या की तिथे भिंग लावते.

प्लॉटची गोष्ट राहिली. तीन वर्षांपूर्वी मालकानं यंत्र लावून तो साफ केला. तण काढलं, वरची माती खरवडली, मुरूम दाबला. त्यांची चूक नव्हती. रिकामा प्लॉट तणानं भरला की कचरा साचतो, साप निघतात अशी लोक तक्रार करतात, आणि २०१७ पासून सलग काही वर्षं स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळवलेल्या आमच्या शहरात रिकाम्या जागेवर तण दिसणं कोणालाच आवडत नाही. पण त्या ऑक्टोबरात एकही पुतळी दिसली नाही. मला फार लागलं. पुढच्या पावसाळ्यात भुईगुळी परत आली, कारण तिचं बी मातीत पडून असतं आणि उघडी, दाबलेली जमीन तिला चालतेच. फुलपाखरू मात्र आलं नाही. त्याचं बी मातीत नसतं. झाड आहे आणि पुतळी नाही, असं अख्खं वर्ष गेलं. त्याच्या पुढच्या सप्टेंबरात एक दिसली, मग तीन. ती आली कुठून ते शोधायला मी सगळ्या बाजूंनी चालत गेले. सातशे-आठशे पावलांवर नाल्याची एक उतरती कड आहे, तिथे भुईगुळीचा गालिचा होता आणि त्यावर पुतळ्या. मध्ये दोन गल्ल्यांच्या कडेला, फरशीच्या फटीत, चार-चार रोपं.

याला अभ्यासक तुकड्या-तुकड्यांची वस्ती म्हणतात. एका तुकड्यातली फुलपाखरं मरतात, दुसऱ्यातून येऊन पुन्हा बसतात. प्रत्येक तुकडा आज ना उद्या रिकामा होतो, पण सगळे एकाच वेळी होत नाहीत, म्हणून जात टिकते. अट एवढीच की दोन तुकड्यांमधलं अंतर गुडघ्याखालून उडणाऱ्या जिवाला पार करता यावं. फरशीच्या फटीतली ती चार रोपं नसती तर पुतळी प्लॉटवर पुन्हा आली असती असं मला वाटत नाही. आणि असं जोडणारे दुवे शहराच्या एका बाजूनं पुरते संपले, तर जगाच्या नकाशावरचा रंग तसाच राहील आणि पुतळी तिथे नसेल.

आमच्या भागात फुलपाखरांची नोंद जुनी आहे, हे मला नंतर कळलं. कर्नल चार्ल्स स्विनहो हे लष्करी अधिकारी, मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास संस्थेच्या आठ संस्थापकांपैकी एक. त्यांनी १८८६ मध्ये महूच्या फुलपाखरांची आणि पतंगांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात छापली. महू आमच्या घरापासून लोकलनं तासाभरावर. म्हणजे मालव्याच्या फुलपाखरांवर १४० वर्षांपूर्वीची एक यादी आहे, आणि आज कोणीही शाळकरी मूल फोननं तिच्या शेजारी ठेवण्यासारखी नोंद करू शकतं. सप्टेंबरात देशभर फुलपाखरं नोंदवण्याचा ‘बिग बटरफ्लाय मंथ’ होतो, त्यात फोटो टाकता येतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर वर्षभर टाकता येतात. फोटोबरोबर तारीख, जागा आणि ती कुठल्या झाडावर बसली होती हे लिहा. झाडाचं नाव येत नसेल तर झाडाचाही फोटो. मधासाठी बसलेली पुतळी एक नोंद आहे, अंडी घालणारी पुतळी दुसरी. या दुसरीवरून तिथे तिचं घर आहे हे कळतं.

अंडी घालणारी मादी ओळखता येते. ती मध न पिता पानापानावर उतरत जाते, पायांनी पान चाचपते, कारण तिला पायांनीच चव कळते, आणि पोटाचं टोक वाकवून क्षणभर टेकवते. गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला काकूंचा नातू आणि मी दोघं पोटावर पडून एका मादीच्या मागे होतो. तिनं भुईगुळीच्या कळीच्या बुडाशी पोट टेकवलं आणि निघून गेली. भिंगाखाली तिथे एक अंडं होतं, फिकट हिरवं, मधोमध किंचित दबलेलं, वर बारीक जाळीचं नक्षीकाम. मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान. नातवानं श्वास रोखून पाहिलं आणि हळूच विचारलं, “मावशी, पिल्लू यातून येणार ना?” मी हो म्हटलं.